एकाच कंपनीचे मिस्त्री

"मॅडम, प्ले म्हनजे खेळ ना?"

यवतमाळात मी खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव, गाव, लग्न झालं की नाही, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. मी इंग्रजी शिकवते एवढं त्यांना दलालाकडून कळलेलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. मी म्हटलं, "हो, खेळ. किंवा नाटक."

"मंग क्लचच्या पायडलात खेळ कायले पायजे? इथं लिवलं हाय, प्ले पाहून घ्या. नाटक तं नसनच."

मी एम. ए. होते. शेक्सपिअरचं एक नाटक मला जवळजवळ पाठ होतं. क्लचच्या पायडलात काय पाहून घ्यायचं ते मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी मला खाली गॅरेजात नेलं, एका व्हॅनच्या दारातून वाकायला लावलं आणि माझा हात धरून पायडलावर ठेवला. "दाबा. हे पाहा, सुरवातीले पायडल नुसतंच जाते, काम काही करत नाही. थ्या नुसत्या जान्याले इंग्रजीत काय म्हनत असन?"

"प्ले," मी म्हटलं.

"बस. खोली तुमची."

बाभुळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं, मागे घर, आणि घरावर माझी एक खोली. मी साताऱ्याकडून ज्युनिअर कॉलेजात नोकरीला आले होते आणि पाच वर्षं तिथे राहिले. गावात त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. कोणी मिस्त्री म्हणे, कोणी पुस्तकवाले मिस्त्री. मीही मिस्त्रीच म्हणे. अंगाने बारीक, खाकी शर्ट, खिशात दोन पेनं, आणि चष्मा खाली पडू नये म्हणून त्याच्या दांड्यांना बांधलेली पातळ वायर.

ते एकाच कंपनीच्या गाड्या दुरुस्त करत. ती कंपनी कोणती हे सांगायचं कारण नाही, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्याकडे ज्याच्या दारात गाडी होती त्याच्या दारात बहुतेक तिचीच होती. दुसऱ्या कंपनीची गाडी आली की मिस्त्री हात मागे बांधत. "हिचं पुस्तक माह्यापाशी नाही."

एकदा एका साहेबांची मोठी पांढरी गाडी गॅरेजच्या अगदी समोर बंद पडली. मिस्त्रींनी साहेबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. गाडीचं बॉनेट मात्र उघडेनात. साहेब म्हणाले, "अहो, इंजिन ते इंजिन. सगळ्या गाड्यांचं सारखंच असतं."

"साहेब, तुमी डोळ्याचे डॉक्टर असान तं मानसाचे दात काढसान का? तोंड तं एकच हाय."

आणि मग त्या गाडीला मागून खांदा लावून त्यांनी ती स्वतः ढकलत पुढच्या चौकातल्या गॅरेजात नेऊन सोडली. साहेब खुर्चीतून उठून मागोमाग चालत गेले. मिस्त्रींच्या स्वतःच्या जावयाने दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली तेव्हा काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, आठ दिवस त्यांची समजूत घालत होत्या. जावई दिवाळीला आले, गाडी सुरू होईना. मिस्त्रींनी जावयाला ओवाळणीच्या पाटावरून उठवून त्याच चौकातल्या गॅरेजचा रस्ता दाखवला.

त्यांच्याकडची पुस्तकं म्हणजे कंपनीची दुरुस्तीची मॅन्युअलं. कंपनी ती आपल्या वर्कशॉपांसाठी काढते, बाहेरच्याला सहसा मिळत नाहीत. मिस्त्रींनी ती कुठून कुठून जमवली होती. अमरावतीचं एक मोठं वर्कशॉप बंद झालं तेव्हा तिथल्या रद्दीत ते दोन दिवस बसले होते. पुस्तकं ठेवायला त्यांनी एक जुना बंद पडलेला फ्रीज गॅरेजात उभा केला होता. उंदीर शिरत नाही, धूळ आत जात नाही, पावसाळ्यात कागद सादळत नाही. नवीन गिऱ्हाईक उन्हातून यायचं, थंड पाण्यासाठी फ्रीज उघडायचं आणि आत बघून हळूच लावून घ्यायचं.

वरच्या बर्फाच्या कप्प्यात सगळ्यात जुनं, तीन सिलिंडरच्या लहान गाडीचं. त्याखाली व्हॅन, मग जंगलखात्याकडे असायची ती जीप, मग डिक्कीवाली लांब गाडी, मग उंच टपाची, अगदी खाली डिझेल. दाराच्या कप्प्यांत, जिथे लोक अंडी ठेवतात तिथे, नंतर आलेल्या सुधारणांच्या पातळ पुरवण्या. पुस्तकाला हात लावण्याआधी ते आधी रॉकेलने, मग साबणाच्या चुऱ्याने, मग साध्या पाण्याने हात धूत आणि बोटं नाकाशी नेऊन वास घेत. वास आला तर पुन्हा साबण.

गाड्यांपेक्षा त्यांची पुस्तकांबद्दलची मतं पक्की होती. लहान गाडीचं पुस्तक त्यांना सगळ्यात आवडे. "हे लिवनारा मानूस गाडीखाली झोपलेला हाय. पाहा, लिवते, नट काढाच्या आधी खाली फडकं अंथरा, वायसर पडते. ज्याचं वायसर हरपलं त्यालेच हे सुचते." व्हॅनचं पुस्तक लिहिणारा त्यांच्या मते घाईचा माणूस होता. "याले घरी जाच होतं." जीपच्या पुस्तकातली चित्रं सुंदर, पण लिहिणं तुटक. डिक्कीवालीपासून पुस्तकं जाड होत गेली आणि मिस्त्रींचा राग वाढत गेला. सगळ्यात नव्या गाडीच्या पुस्तकात दर दोन पानांनी लिहिलेलं असे की अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. ते वाक्य मी मराठीत करून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"हे पुस्तक नोहे. चिठ्ठी हाय, दुसऱ्याच्या घरी जा म्हनून."

त्यांचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. शाळेच्या कपाटातली पुस्तकं झटकणं हे त्यांचं शनिवारचं काम. वाचता येत नसे. हे मला काकूंनी सांगितलं, मिस्त्री कधी बोलले नाहीत. रविवारी सकाळी काकू पांढरं लुगडं नेसून विहारात जायच्या आणि मिस्त्री अंगणात बाजेवर चादर घालून सगळी मॅन्युअलं उन्हाला मांडायचे. एकेक पान उलटत, दुपारपर्यंत. काकू परत येऊन म्हणत, "लग्नाले इतके वर्षं झाले, अजून मले इचारते हा मानूस, तुयं पुस्तक कुठं भेटते म्हनून."

"भेटलं असतं तं इतका तरास झाला असता का?" मिस्त्री मान वर न करता म्हणत.

माझं काम संध्याकाळचं. कॉलेजातून आले, चहा झाला की मी खाली जाई. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची, मिस्त्री ती शाळकरी वहीत उतरवायचे. दहावी आणि आयटीआय झालेले होते, अक्षर गोल, ठसठशीत. भाषा मात्र माझी चालत नसे. मी "हळुवारपणे घट्ट करावे" म्हटलं की ते लिहीत, "दोन बोटानं जमते तेवढंच आवळा." मी "अतिरिक्त बल वापरू नये" म्हटलं की लिहीत, "जोर दाखवू नोका, आटे जातीन." व्हॅनच्या चार वह्या झाल्या, लहान गाडीच्या तीन. काम करताना ते मूळ पुस्तक काढत नसत, वही काढत. ती तेलकट झाली तरी चाले. अंदाजाने नट आवळणं त्यांना पाप वाटे. त्यांच्याकडे टॉर्कचा पाना होता, ठरवलेल्या जोराला पोचला की टक् असा आवाज करणारा. दुसरे मिस्त्री त्याला हसत. हे म्हणत, "अंदाज वरनात चालते. चाकात नाही."

आता जे सांगायचं आहे ते त्या वहीतलं.

चौथ्या वर्षी व्हॅनची दुसरी वही इतकी मळली की मी तिची नवी प्रत करायला घेतली. शनिवार होता. अक्षरं दिसेनात म्हणून मूळ मॅन्युअल शेजारी उघडलं आणि पुढच्या चाकाच्या पानावर आले. पुढचं चाक ज्या मधल्या मोठ्या नटाने धरून ठेवलेलं असतं, तो किती जोराने आवळायचा याचा आकडा तिथे होता. वहीतही तोच होता. पण पुस्तकात आकड्याच्या डोक्यावर एक बारीक तारा होता, आणि पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ताऱ्याचा खुलासा: अमुक चॅसिस क्रमांकापुढच्या गाड्यांना नवी बेअरिंग आहे, त्यांचा नट याहून बराच जास्त आवळावा.

ती तळटीप मी वाचलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी मला पेपर तपासायचे होते. खालच्या ओळीत नुसते क्रमांक दिसले आणि मी पान उलटलं. मिस्त्रींना ते कळायचा प्रश्न नव्हता. मी जे वाचलं ते त्यांनी लिहिलं, आणि जे लिहिलं तसे नट आवळले.

मी त्या दिवशी बोलले नाही. रविवारी वरच्या खिडकीतून पाहिलं, ते बाजेशी बसून पानं उलटत होते. वाटलं, आत्ता ते पान येईल, त्यांनाच दिसेल, मला सांगावं लागणार नाही. त्यांना इंग्रजी तेवढं येत नव्हतं. सोमवारी सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी खाली गेले आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसायचं धाडस झालं नाही.

त्यांनी हात धुतले. वास घेतला. पुस्तक काढून त्या ताऱ्यावर बोट ठेवलं.

"हा तारा म्हनजे खाली पाहा, असं असते का?"

"हो."

"मले वाटे, छापताना शाई उडाली."

मग एवढंच म्हणाले, "किती गाड्या झाल्या?"

कोणत्या गाडीचं काय उघडलं याची ते नोंद ठेवत, गाडीच्या नंबरासकट आणि चॅसिस क्रमांकासकट. दुपारपर्यंत त्यांनी आणि मी, कॉलेज बुडवून, ती पानं चाळली. जुन्या व्हॅन वगळल्या. नव्या बेअरिंगच्या, आणि मिस्त्रींनीच पुढचं चाक उघडलेल्या, नऊ निघाल्या.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दाराला फळा टांगलेला होता. खडूने, त्याच गोल अक्षरात: "माझ्या हातून व्हॅनच्या पुढच्या चाकाच्या कामात चूक झाली आहे. खालच्या नंबरच्या गाड्या ताबडतोब आणाव्या. तोवर जोरात चालवू नये." खाली नऊ नंबर.

काकू रडकुंडीला आल्या. "अवो, एकेकाले फोन करून बलवा नं. गावभर कायले टांगता? उद्या कोन येईन तुमच्याइथं?"

"फोन बी करतो. पन चूक लपवून सुधरवली तं ते चोरी होते."

काकूंचं म्हणणं खोटं ठरलं नाही. चौकात लोक बोलू लागले की पुस्तकवाल्या मिस्त्रीच्या गाड्यांची चाकं निखळून राह्यली. एकही निखळलं नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात रोज येणाऱ्यांतली निम्मी गिऱ्हाइकं आली नाहीत, काही कधीच परत आली नाहीत. फळ्यावरचे नंबर मात्र एकेक करून खोडले जात होते. एक व्हॅनवाला म्हणाला, "दोन साल झाले, काही झालं नाही, राहू द्या मिस्त्री." मिस्त्री त्याच्या घरी गेले आणि व्हॅनच्या पुढच्या चाकाला टेकून बसले. तो जेवून आला, झोपून उठला, तरी ते तिथेच. शेवटी त्याने किल्ली दिली.

मी या सगळ्यात रोज म्हणत होते की फळ्यावर माझं नाव लिहा. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

आठ झाल्या. नववी व्हॅन विकली गेली होती, आणि ज्याने घेतली त्यानेही विकली होती. चार दिवसांनी पत्ता लागला. नेरच्या पलीकडे एका तांड्यावरची बाई ती चालवत होती. तांड्यावरच्या मुलींना सकाळी नेरच्या शाळेत आणायची, दिवसभर शाळेबाहेर थांबायची आणि संध्याकाळी परत न्यायची. मिस्त्रींनी फोन केला. पलीकडून ती म्हणाली, "गाडी बराबर चालून राह्यली. यवतमायले आली तं पोरी शाळेत कशा जातीन?" आणि फोन ठेवला.

मिस्त्रींनी टॉर्कचा पाना टॉवेलात गुंडाळला, पिशवीत दोन नव्या बेअरिंग, ग्रीसचा डबा आणि जॅक घेतला. मॅन्युअल घेतलं. मग वर बघून मला हाक मारली, "मॅडम, चला. वाचाले कोनी पायजे."

आम्ही एसटीने नेरला गेलो. बसमध्ये मिस्त्री पाना मांडीवर आडवा धरून बसले होते. शाळेच्या भिंतीला लागून कडुनिंबाखाली व्हॅन उभी होती. आत मागच्या सीटवर पाय वर घेऊन एक चाळिशीची बाई भरतकामाच्या पिशवीला आरसा शिवत बसली होती. मिस्त्रींनी नमस्कार केला आणि एका दमात सांगून टाकलं: तुमच्या गाडीचं काम पहिल्या मालकाच्या वेळी मी केलं, वहीतला आकडा चुकीचा होता म्हणून ते चुकलं, मी नीट करायला आलो.

तिने सुई पिशवीत खोचली. "म्हनून गुनगुन करते का ते चाक?"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "कवापासून?"

"मैना झाला असन. म्हनून मी वीस-पंचवीसच्या वरतं नेतच नाही. पोरी बोंबलते, याच्यापरीस बैलगाडी बरी म्हनून."

जॅक लावून पुढचं डावं चाक उचललं. मिस्त्रींनी ते वरून आणि खालून धरून हलवलं. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण चाक असं डुगडुगू नये एवढं कळलं. मधलं टोपण काढलं. नट जागचा सरकू नये म्हणून त्यातून घातलेली पिन एका बाजूने झिजून तारेसारखी झाली होती. आतली बेअरिंग काळीनिळी. मिस्त्री ती तळहातावर घेऊन तिथेच मातीत बसले.

बाई त्यांच्याकडे नाही, त्या पिनेकडे पाहत होती. मग तिचा आवाज चढला.

"माह्या गाडीत नऊ पोरी बसते. माही पोरगी बसते. तुमी कागद पाहून नट आवळता, अन् कागदच चुकते? मंग आमी कोनाच्या भरवशावर बसाव?"

मिस्त्री खाली मान घालून ऐकत होते. मी पुढे झाले. "बाई, त्यांची चूक नाही. पुस्तक मी वाचून दाखवलं होतं. खालची ओळ मीच वाचली नाही."

"मॅडम, तुमी मधात बोलू नोका," मिस्त्री म्हणाले. चार वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज मला कडक लागला. "वही माही, हात माहा. खाली अजून अक्षरं दिसत होते. याचं काय म्हनून मले इचारता आलं असतं. मी इचारलं नाही."

बाईने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "दोघंबी चुकले. आता भांडत बसू नोका, पाच वाजता शाया सुटते."

मग काम सुरू झालं. मी मॅन्युअल मांडीवर घेऊन बाईच्या शेजारी दगडावर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. इंग्रजी ओळ, मग मराठी. तारा आला की तळटीप. चित्राखालचा मजकूर आला तर तोही. मिस्त्री प्रत्येक ओळीला "पुन्यांदा" म्हणत आणि मी पुन्हा वाचत असे. डावं झालं, मग उजवं उघडलं. ते इतकं बिघडलेलं नव्हतं, तरी बदललं. बाई टोपणं, वायसर ओळीने फडक्यावर मांडून ठेवत होती, कुणी न सांगता. नट आवळताना मिस्त्रींनी पाना तिच्या हातात दिला. "तुमी आवळा. आवाज आला का थांबजा." तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. टक् झालं तेव्हा तिने पाना चटकन सोडला, चटका बसल्यासारखा.

शाळा सुटली. मुली धावत आल्या, दप्तरं आत फेकली. मिस्त्रींनी बाईला विचारलं, "पयल्या फेरीत मी बसू का? काही झालं तं मी गाडीत असाव."

"बसा. मॅडमले बी घ्या. पोरी उतरल्या का तुमाले परत आनून स्टँडवर सोडते."

मिस्त्री पुढे बसले, मी मागे मुलींच्या दाटीत. नेर मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला होता. मिस्त्री डोळे मिटून, मान डाव्या चाकाकडे झुकवून ऐकत होते. बाईने गाडी वीसवर ठेवली, मग तीस. त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हाताने खूण केली, जाऊ द्या. चाळीस. मुली गप्प झाल्या, मग एकदम ओरडल्या. पन्नासला मिस्त्रींनी डोळे उघडले आणि चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसत होते.

माझ्या गुडघ्याला टेकून बाईची मुलगी बसली होती, सातवी-आठवीतली. तिने समोर बोट केलं. "याडी म्हनते, हे मिस्त्री हायेत." बाईला ती याडी म्हणायची, त्यांच्या बोलीत आई. "तुमी काय करता?"

"मी पुस्तक वाचून दाखवते," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. "बराबर वाचता का?"

गाडीच्या आवाजातही पुढे ऐकू गेलं असावं. मिस्त्री मागे वळले नाहीत.

"आता वाचते," ते म्हणाले.